नवा सायलेन्सर

बाबांची जुनी लँड रोव्हर मी माऊन गावातल्या आमच्या अंगणात पार सुटी केली आणि वर्षभर खपून पुन्हा जोडली. शेजारीण टोमणा मारायची, "गोराता, एवढ्या मायेनं कुणी नवऱ्याचे पाय दाबत नाही गं." भोकं पडलेला सायलेन्सर तर मी आधी फेकला, त्याच्यामुळे बाबा नदीपलीकडून ऐकू यायचे. आता इंजिन नुसतं गुणगुणतं. आज बाबांना शेजारी बसवून, मागे मिठाच्या लाद्या टाकून गुरांच्या तळावर आले. बाबांना हल्ली दिसत नाही, रानात शिरून गुरं वळवणं जमत नाही. गाडीचा आवाज ऐकून गुरंच मिठाला येतात, त्यावर त्यांचं सगळं चालतं. मी गाडीनं तळाभोवती चकरा मारल्या. झाडीतून एकही शिंग बाहेर आलं नाही. बाबा लादीवर हात ठेवून कान देऊन बसले. "ऊन आहे, सावलीला बसली असतील," ते माझी समजूत घालत म्हणाले. मी पाना घेतला, गाडीखाली शिरले आणि मनगट पोळून घेत, हौसेनं बसवलेला नवा सायलेन्सर उतरवला. चावी फिरवताच गाडी पूर्वीसारखी फडफडत गरजली, झाडावरची पाखरं उडाली. बाबांनी हातानंच खुणावलं, तशी मी इंजिन बंद केलं. झाडीतून गाईंच्या घंटा जवळ येत होत्या. बाबा समाधानानं म्हणाले, "आता झाली बघ गाडी दुरुस्त."