मला न्यायला या
मंगळवारी सकाळी नऊ वाजता मुकुंदवाडीतून भोंगा लावलेली रिक्षा निघाली. आत बसलेले सूर्यभान पुकारत होते, "माझी मुलगी सुकेशनी, वय सतरा, दोन दिवसांपासून बेपत्ता आहे. दिसली तर फोन करा." पुढं ते आपला नंबर सांगत. नाव ऐकताच चौकातली पोरं नाचायला लागली. यंदा प्रत्येक वरातीत 'सुकेशनी' हेच गाणं वाजलं होतं.

दुपारपर्यंत सव्वीस फोन आले. दरवेळी कुणीतरी बाईचा आवाज काढून गाण्याची पहिली ओळ म्हणे, "मी सुकेशनी, मला न्यायला या." सत्ताविसाव्या वेळी ओळ पुरी होण्याआधीच सूर्यभान ओरडले, "तुमच्या घरी लेकी नाईत का रं?" आणि फोन कापला.

चार वाजता ठाण्यात हवालदार बाईंनी सूर्यभानांच्या मोबाइलमध्ये आपोआप झालेली सगळी रेकॉर्डिंग ऐकली. सत्ताविसावी पुन्हा लावली.

"काका, लेक तुम्हाला काय म्हणती?"

"आबा."

बाईंनी आवाज वाढवला. सूर्यभानांच्या ओरडण्याखाली शेवटचा शब्द ऐकू आला. तो गाण्यात नाही.

त्या नंबरचं शेवटचं लोकेशन पैठण. एक वाजून दहा मिनिटांपासून तो बंद आहे.