आडवी बाटली

"आडवी बाटली, दोनशे सहा. उभी बाटली, एकोणीस."

अधिकाऱ्याने आकडे वाचले आणि शाळेच्या पटांगणात बायांनी एकच गिल्ला केला. कोणीतरी कुंताबाईला मिठी मारली. गोसीखुर्दच्या धरणात जुनं गाव बुडालं. नव्या जागी वसल्यावर दवाखान्याआधी दारूचं दुकान आलं. ते बंद करायचं की नाही, यावर आज फक्त बायांचं मतदान होतं. बंद करायचं तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू ठेवायचं तर उभीवर.

त्यासाठी साठीतली कुंताबाई सहा महिने दारोदार फिरली होती. धानाच्या बांधीत गेली, तलावावर जाळी धुणाऱ्या ढिवरणींकडे गेली. "बुढी गावची इज्जत काढून राहिली," असं पुरुष तोंडावर म्हणाले. तिने ऐकून घेतलं. आज धुरपताला नवऱ्याने घरात कोंडलं, तर ती मागच्या भिंतीवरून उडी मारून लंगडत आली.

"थांबा," अधिकारी म्हणाला. "दुकान बंद होणार नाही."

"काहून जी?" कुंताबाईने विचारलं.

"यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. यादीत चारशे बारा नावं आहेत. म्हणजे दोनशे सात पाहिजे होती. एक कमी पडलं."

"म्हंजे न आलेली बाई बी दारूच्याच बाजूनं मोजता का तुमी?"

"तसंच समजा."

तिकडे दुकानासमोर फटाके वाजू लागले. बायांचा राग न आलेल्यांवर फिरला. कुंताबाईने अंगणवाडीतल्या शुभांगीला यादी वाचायला लावली. कोणी कामासाठी नागपूरला गेलेली, कोणी बाळंतीण, कोणी भिऊन घरातच बसलेली. एकेका नावाला बाया शिव्या घालत होत्या.

एका नावाशी शुभांगीचं बोट थबकलं.

"वाच ना वो पोरी."

"शालू अमर..." शुभांगीला पुढे वाचवेना.

शिव्या थांबल्या. शालू म्हणजे कुंताबाईची सून. तीन वर्षांपूर्वी त्याच दुकानातून पिऊन आलेल्या अमरने तिला लाकडाने मारलं. पवनीच्या दवाखान्यात नेताना वाटेवरच तिचा जीव गेला. अमर अजून तुरुंगात होता.

"हे एक नाव नसतं, तर यादी चारशे अकराची झाली असती," बायांकडून हे कळल्यावर अधिकारी हळूच म्हणाला. "मग तुमची दोनशे सहा पुरली असती. मेलेल्या बाईचं नाव कमी कसं नाही केलं?"

शुभांगीने मान खाली घातली. गावच्या मतदारयादीचं काम तिच्याकडेच होतं. सगळ्या बाया तिच्याकडे बघू लागल्या.

कुंताबाईने तिच्या हातातली यादी घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती बघत राहिली.

"तिले नोका बोलू, साहेब," ती म्हणाली. "दोनदा नाव काढाचा कागद घेऊन आली होती थे. मीच अंगठा देल्ला नाही. म्हनलं, पोरीचं नाव कुठंतरी राहू दे."