कॅसेटबाहेरच्या दोन ओळी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून सुताराने गाणं ऐकलं नव्हतं. शेवटी न्हावी आणि मास्तर या दोन जुन्या मित्रांनी त्याला तरुणपणीच्या लाडक्या गायकाच्या मैफलीला ओढून नेलं. “घरी भिंतींशी किती बोलशील?” न्हावी म्हणाला. ऐंशीचा गायक काठी टेकत आला खरा, पण आवाज लागताच तिघांच्या अंगावर काटा आला. आवडतं गाणं सुरू होताच तिघं गुणगुणू लागले आणि एकदमच चुकले. गायक पहिल्याच कडव्यात, हे दुसऱ्यात. पुढच्या रांगेने माना वळवल्या. “आपल्या कॅसेटची गुरफटलेली फीत वहिनींनी कापून चिकटवली होती ना,” मास्तर कुजबुजला. “आपण तसंच पाठ केलंय.” सुतार हसला. मग गुणगुणणं सोडून ऐकू लागला. चाळीस वर्षं हुकलेल्या दोन ओळी म्हातारा गायक पुन्हापुन्हा घोळवत होता. प्रत्येक शब्द बिनखिळ्याच्या सांध्यासारखा बसलेला. तिला त्या ओळी ऐकवायच्या राहिल्या.