एक प्रत घराबाहेर

"तीन प्रती हव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर!" जेवणाच्या टेबलावर खोकी मांडत वैशालीने जाहीर केलं. चांदणी मार्केटमधल्या कम्प्युटरच्या दुकानातून आल्यापासून तिच्या अंगात वारं शिरलं होतं. चप्पलसुद्धा काढायची राहिली होती.

"अगं, आधी पाणी तरी पी," सदाशिव म्हणाला.

पाणी कसलं पितेय! गेल्या महिन्यात घरातला कम्प्युटर दोन दिवस बंद पडला, तेव्हा बाईंच्या घशाखाली घास उतरला नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिने बसवलेल्या बालनाट्यांची सगळी चित्रणं त्यात होती. घरात निम्मं बंगाली बोलणारी इथली पोरं स्टेजवर काय खणखणीत मराठी बोलायची! नशिबाने सगळं परत मिळालं. पण दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकूनच प्यायचं होतं.

दुकानदाराने जोडडिस्कची पेटी दाखवली होती. एकीवर टाकाल ते दुसरीवर आपोआप. "आणि एकीवरून चुकून पुसलं तर?" तिने विचारलं. तेही आपोआप, तो हसून म्हणाला. मग तिने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सुट्या डिस्क उचलल्या.

"मूळ कम्प्युटरवर, आपल्या हाताशी. एक नक्कल कपाटात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. उद्याच जाऊ या!"

सदाशिव खोकं उचलता उचलता थांबला.

लॉकरमध्ये त्याच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या असायला हव्या होत्या. नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्याने त्या हावड्याच्या बहिणीला, सुधाला, गुपचूप ओवाळणीत घातल्या होत्या. आईची तशी इच्छा होती, पण बायकोला विचारायची त्याची छाती झाली नाही. वैशालीच्या हातात रोज असायच्या त्या नकली. आई गेल्यावर तिने बहूबाजारातल्या सोनाराकडून हुबेहूब करून घेतल्या होत्या. खऱ्या लॉकरात टाकल्या की बसला बिनधास्त लटकता येतं, म्हणायची.

"लॉकरमध्ये दमट असतं गं," तो म्हणाला.

"घट्ट डब्यात घालू."

"ऋताकडे ठेवू, न्यू टाउनला."

"तुमची लेक दर वर्षी फ्लॅट बदलते आणि किल्ल्या हरवते. तिच्याकडे?"

"मग क्लाउड?"

"आपल्या नेटवर? चढेपर्यंत मी म्हातारी होईन." ती कप विसळायला उठली. "नाहीतर सुधावन्संकडे ठेवायची का?"

"नको नको!" सदाशिव जवळजवळ ओरडलाच. मग विषय बदलायला म्हणून तिच्या फेसाने भरलेल्या हातांतल्या पाटल्यांकडे पाहत म्हणाला, "काय पॉलिश आहे पण! नऊ वर्षं भांडी घासतेस, रंग म्हणून उतरला नाही."

"बहूबाजारचं काम आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी दोन्ही डिस्क भरल्या. "उघडून पाहिल्याशिवाय भरवसा नाही," म्हणत तिने नव्या डिस्कवरून एक नाटक लावलं. शेजारचा अनीश, तेव्हाचा पहिलीतला, उंदीर होऊन ऐटीत आला आणि शेपटीवर पाय पडून आडवा झाला. तरी पडल्या पडल्या त्याने वाक्य पुरं केलं. वैशालीने टाळ्या पिटल्या, हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आता काही जात नाही बघा! काही म्हणजे काही जात नाही!"

तिचा तो आनंद पाहून सदाशिवला स्वतःची लाज वाटली. उद्या हिचा चेहरा कसा होईल, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या माणसाने आपली किल्ली फिरवली आणि तो निघून गेला. वैशालीने लॉकर उघडलं. जागा करायला आतली लाल डबी उचलली. ती फारच हलकी लागली. तिने झाकण काढलं.

"सुधाला दिल्या," सदाशिव एका दमात म्हणाला. "आईची इच्छा होती. तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं, वैशाली."

वैशालीने डिस्क आत ठेवली, लॉकर लावलं आणि हातातल्या पाटल्या मागे सारल्या.

"आईंचा शब्द राखलात, बरं केलंत," ती म्हणाली. "फक्त वन्संना तेवढं सांगा, त्या घालून भांडी घासू नका म्हणावं. महिन्याभरात रंग उतरेल."