हात लावला की चाल

भरतेशनं वजीर बोटात धरला, वर उचलला, आन् तवाच त्याला समोरचा हत्ती दिसला. वजीर तिथनं हलला की हत्ती सरळ खाली येणार आन् राजा मात. राखणीचाच वजीर उचलला गड्यानं! बोटं ढिली पडली. वजीर पटावर आडवा झाला, शेजारची दोन प्यादी घिऊन.

बाकीचे डाव कवाच संपलेवते. सांगलीच्या त्या हॉलमधी सगळी ह्याच एका पटाभोवती उभी. राज्य स्पर्धेच्या संघात एकच जागा उरलीवती. जिंकंल त्याची.

समोर साताऱ्याचे लालासाहेब. फौजेतनं रिटायर झालेले सुभेदार, पाठ ताठ, मिशी ताठ. त्यांनी आडवा वजीर बघितला. मग भरतेशचा उजवा हात बघितला. त्यो हात जन्मापासनं थरथरतो, त्यात काय नवं न्हाई. पण लालासाहेब अर्धं उठलं आन् मागच्यालाबी ऐकू जाईल असं बोलले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! हात लागला पोराचा. मी काय धरत न्हाई. लाव बाळा, जाग्यावर लाव."

"मी... मी वजीर..." भरतेशचं बोलणं अडकत अडकतच येतं. थांबायला लागतं माणसानं.

पण थांबतंय कोण? पेपरात बातम्याबी लिवणाऱ्या संयोजक बाळासोनं माइक उचललाबी. "हात लागला म्हणतोय पोरगा! बघा मंडळी, ह्याला म्हणायचं खिलाडूपणा! सुभेदारसाहेबांसाठी जोरदार टाळ्या!"

लय टाळ्या. मोबाइल वर आले. लालासाहेबांनी छातीवर हात ठिवून मान झुकवली, फोटो चांगला यावा म्हणून जरा तसंच थांबलेबी. दोरीच्या पल्याड भरतेशची आई, गुणमाला, डोळं पुसत पुसत टाळ्या वाजवत हुबी. भरतेशनं त्या टाळ्या बघितल्या. आईच्या.

धाडकन टेबलावर हात आपटला त्यानं. उरलीसुरली प्यादीबी आडवी.

"माझं... बोलणं... मला संपवू द्या!"

पंच रूपाली मॅडम पळत आल्या, सोंगट्या सरळ करायला लागल्या.

"मॅडम, पयल्या दिवशी काय ठरलंवतं आपलं?"

"चुकून धक्का लागला तर तू 'हात' म्हणायचं. म्हणाला नाहीस तर ती तुझी चाल."

"मी म्हणलो 'हात'?"

"नाही."

"मग?"

मॅडम खाली वाकल्या, आवाज बारीक केला. "अरे, ते स्वतःहून सोडतायत ना. कशाला हट्ट करतोस? कुणाचं काय नुकसान होतंय?"

"माझं."

आता लालासाहेबांच्या मिशा हलल्या. "आवं मॅडम, चांगलं वागलो त्येबी चुकलं का माझं? पोरा, तुझ्या बापाच्या वयाचा हाय मी. वजीर जाग्यावर लाव आन् खेळ गुमान."

"काका, सकाळच्या तुमच्या डावात सिद्धूनं उंटाला बोट लावलं. तुमी सोडलं?"

"न्हाई सोडलं. हात लावला की चाल. कायदा हाय."

"रडकुंडीला आलता त्यो. तरीबी न्हाई सोडलं."

"सिद्धूची गोष्ट येगळी."

"काय येगळी?"

लालासाहेबांसकट सगळी नुसती भरतेशच्या हाताकडं बघत, आन् आपण बघतोय हे कळलं तशी एकेकजण दुसरीकडं बघायला लागली. एकजण तर छताकडं.

"मी खेळायला उचलला," भरतेश बोलला. ह्या वेळी सगळी थांबली, पार शेवटच्या शब्दापतोर. "प्यादं मारायचंवतं मला. हत्ती दिसला न्हाई. चुकलो. मी चुकलो, माझा हात न्हाई चुकला."

डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट आवळून धरलं. वजीर उचलला. ते प्यादं मारलं. वजीर तिथं नीट, चौकोनाच्या मधोमध ठिवला आन् घड्याळाचं बटण दाबलं.

"हाणा."

लालासाहेब हलेनात. मांडीवर हात ठिवून नुसतं पटाकडं बघत बसलेले.

"काका, तुमचा टाइम पळतोय."

लालासाहेबांनी बाळासोकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मग हत्ती उचलला आन् खाली आणला. मात. त्यांनी भरतेशच्या पाठीवर थोपटायला हात पुढं केला. भरतेश मागं सरला, आन् खेळ संपल्यावर दोन खेळाडू मिळवतात तसा आपला हात पुढं केला. थरथरणारा. लालासाहेबांना त्यो धरायला लागला.

बाळासो माइक तिथंच ठिवून दोरीपाशी आला. गुणमालाच्या खांद्यावर हात ठिवला, तोंड पार पाडलेलं. "काकू, वाईट वाटून घिऊ नका. हातच तसला दिलाय देवानं, बिचारा तरी काय करंल?"

गुणमालानं खांद्यावरचा हात बाजूला केला.

"हाताचं काय काढतोयस रं?" ती एवढ्या जोरात बोलली की दारातली माणसंबी वळली. "चुकला त्यो! समोरचा हत्ती दिसला न्हाई त्याला. लिव्ह तुझ्या पेपरात!"