गळ्यावरचा डाग

जुनी चित्रं साफ करणाऱ्या बाईंकडे एक गृहस्थ बायकोचं तैलचित्र घेऊन आले.

"ती जिन्यावरून पडली आणि गेली. दुसऱ्याच दिवशी चित्रात गळ्यावर हा डाग आला. एवढा घालवा."

बाईंनी कापसाने हलकेच पुसलं. डाग गेला नाही, उलट त्यात चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटले. बाईंनी कापूस खाली ठेवला.

"हे मला जमायचं नाही. घेऊन जा तुम्ही."

"पुसा," दारात आडवे उभे राहत गृहस्थ शांतपणे म्हणाले.

बाईंनी जीव मुठीत धरून पुसलं. चित्रातला गळा लख्ख झाला.

त्याच क्षणी बाईंचा श्वास कोंडला, गळ्यात नखं रुतली. गृहस्थ अजून दारातच होते; फक्त त्यांच्या उजव्या हाताची बोटं हवेत हळूहळू आवळत चालली होती.