एक नोंद कमी

पडद्याच्या अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत आकडा होता: २९६. दिव्यानीने तो कागदावर लिहिला. त्याखाली दुसऱ्या यादीचा आकडा लिहिला: १५४६. बेरीज केली. पुन्हा केली. दोन्ही वेळा १८४२ आली. नोंदी मात्र १८४३ होत्या.

कुरखेड्याच्या आरोग्य केंद्रात ती सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासायची. सहा वर्षांत चाळीस गावांचं रक्त तिच्या हाताखालून गेलं होतं. ज्याच्यात आजार नाही त्याला पांढरं कार्ड. ज्याच्या रक्तात तो आहे, पण ज्याला त्रास नाही, त्याला पिवळं. आजाऱ्याला लाल. आता रजिस्टरं जाऊन कम्प्युटर आला होता, आणि वडशाहून कोर्स करून आलेली उमेरा तिला डेटाबेस शिकवत होती. उमेरा शिंप्याची मुलगी, बावीस वर्षांची. तिचं तोंड आणि माउस एकदमच चालायचे. टेबल म्हणजे रजिस्टर, रेकॉर्ड म्हणजे त्यातली एक ओळ, फील्ड म्हणजे ओळीतला एक खाना, आणि क्वेरी म्हणजे रजिस्टरला विचारलेला प्रश्न.

आज क्वेरीचा धडा होता. पहिला प्रश्न: 'एएस' कोण कोण आहेत, म्हणजे पिवळ्या कार्डाचे. दुसरा: 'एएस' कोण कोण नाहीत. दोन्ही मिळून सगळी माणसं यायला हवी होती.

पहिल्या यादीतून खाली जाताना उमेरा एका नावापाशी थांबली होती. हे अजय मास्तर म्हणजे आपलेच ना, असं तिने विचारलं, आणि ताईचा चेहरा पाहून पुढे सरकली.

अजयचं स्थळ तीन वर्षांपूर्वी आलं होतं. पाहण्याच्या दिवशी त्याने पोह्यांची बशी बाजूला सारून आपलं पिवळं कार्ड मांडलं होतं. तुमचं काम मला ठाऊक आहे, म्हणून आधीच दाखवतो, असं तो म्हणाला. तिला तो तिथेच आवडला. माझी तपासणी करून कळवते, असं तिने सांगितलं. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मग नागपूरचं प्रशिक्षण, मग हा कम्प्युटर. तो थांबून राहिला. येत्या रविवारी त्याच्या घरचे त्याला घेऊन ब्रह्मपुरीला दुसरी मुलगी पाहायला जाणार होते. तुमचं हो असेल तर मी जात नाही, एवढाच त्याचा निरोप काल आला होता.

पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करू नये, हे गावोगावी सांगायचं काम दिव्यानीचंच होतं. शेकडेवारी लोकांच्या डोक्यात शिरत नसे. म्हणून ती पिशवीत चार चिंचोके ठेवी, त्यांतला एक घासून पांढरा केलेला; तो निघाला की मूल आजारी. दोघंही पिवळे असले की दर मुलाच्या वेळी न पाहता एक चिंचोका उचलायचा, ती सांगे, आणि परत पिशवीत टाकायचा. मागच्या खेपेला काय निघालं, ते पिशवीला आठवत नाही.

तिच्या आईवडिलांनी दोनदा उचलला होता. पहिल्यांदा काळा निघाला, तो तिचा. काळा म्हणजे आजारी नाही, एवढंच. दुसऱ्यांदा पांढरा निघाला, तो तिच्या भावाचा. तो चौदाव्या वर्षी गेला. शेवटच्या दिवसांत दुखतं असं तो म्हणतही नसे. तिचा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवून घेई.

"राहिलं असंल कोणी," दिव्यानी म्हणाली. "जाऊ दे."

उमेराने खुर्ची वळवली. "तुमी म्हणता जाऊ दे? परवा एका नंबरासाठी मले डबा खाऊ नाई देल्ला तुमी."

कम्प्युटर कोणाला गिळत नाही, उमेरा सांगू लागली, कोणाचा तरी निकाल भरायचा राहिला असणार. "खाना रिकामा असला ना ताई, तं हा त्याले हो बी म्हणत नाई अन् नाई बी म्हणत नाई. दोन्ही याद्यांच्या बाहेरच ठेवते."

दिव्यानीने तेवढंही कागदावर उतरवून घेतलं.

उमेराने निकालाच्या खान्यावर क्लिक केलं आणि चढत्या क्रमाचं बटण दाबलं. रिकामी जागा सगळ्यांच्या वर आली. नोंद क्रमांक एक. पहिल्या दिवशी सरावासाठी स्वतःचंच नाव भरा, असं उमेरानेच सांगितलं होतं. नाव दिव्यानी, वय बत्तीस, गाव कुरखेडा. निकालाच्या जागी काही नव्हतं.

उमेरा हसली. अख्ख्या तालुक्याचं रक्त तपासलं आणि स्वतःचंच राहून गेलं, चिराग तले अंधेरा, असं काहीबाही ती बोलत राहिली. मग तिला रविवार आठवला असावा. तिचा आवाज खाली आला. आत्ता सुई टोचली तर उद्या निकाल हाती येईल, तिने हिशेब केला. पांढरं निघालं की ब्रह्मपुरीला कोणी जायचं कारणच उरत नाही.

"द्या बोट," ती म्हणाली. "पांढरंच निघन, ताई."

दिव्यानीने बोट पुढे केलं नाही. कागदाची घडी घातली, ती नखाने दाबून सपाट केली.

"तपासणी झाली आहे, उमेरा. त्यानं कार्ड दाखवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी केली. पटली नाई म्हणून परत केली. दोन्ही खेपेला एएसच आलं. टाक तिथं."

उमेराचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"अन् अजयशी लग्न नाई करत मी."